गरोदर व स्तनदा मातांनी दातांचे उपचार घ्यावेत का?



नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळातील गावांतून तळेगाव किंवा लोणावळ्याला दवाखान्यात जायचे म्हणजे दिवस मोडतो. त्यात सून गरोदर असेल, तर घरातील वडीलधारी म्हणतात, "आता दाढेला हात लावू नका, बाळंतपण होऊ द्या." बाळंतपण झाले की म्हणतात, "बाळ अंगावर पितंय, इंजेक्शन नको." असे करता करता दोन वर्षे जातात आणि किडलेली दाढ ठणकतच राहते. यामागे माया आहे. परंतु ती चुकीच्या समजुतीवर उभी आहे.

बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हे खरे नाही. ते आहारातून, कमी पडल्यास आईच्या हाडांतून जाते. दात किडतात ते वरचेवर गोड खाण्याने आणि अस्वच्छतेने. उलट्यांमधील आम्लाने ते झिजतात. म्हणून उलटी झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, अर्ध्या तासाने दात घासावेत.

उपचाराने बाळाला अपाय होतो का? २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले, इतरांच्या बाळंतपणानंतर. गरोदरपणी केलेल्या उपचाराने बाळांना जादा धोका आढळला नाही. अकाली प्रसूतीही त्यामुळे टळली नाही. पण हिरड्या सुधारल्या.

चौथा ते सहावा महिना उपचाराला सर्वांत सोयीचा. मात्र ठणका, सूज, पू किंवा ताप असेल, तर कोणत्याही महिन्यात जावे. थांबण्यातच धोका आहे. लिग्नोकेनचे भुलीचे इंजेक्शन चालते. गरज असल्यास शिशाचा अॅप्रन घालून एक्स-रेही काढता येतो. दिवस भरत आले असतील, तर खुर्चीवर उताणे न झोपता उजव्या बाजूखाली उशी घ्यावी.

औषधांत सावध राहावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तर जंतुसंसर्ग असल्यास अमॉक्सिसिलिन, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन टाळावे. विसाव्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर घेऊ नये. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

अंगावर पाजणाऱ्या मातेने भुलीच्या इंजेक्शनानंतर दूध तोडण्याचे कारण नाही. लिग्नोकेन दुधात अत्यल्प उतरते. आयब्युप्रोफेनही तेव्हा चालते. कोडीन व ट्रामाडॉल मात्र टाळावे.

आता एक कटू गोष्ट. उपचाराला भिणाऱ्या घरात दाढ दुखते म्हणून गरोदर बाईच्या हाती मिश्री दिली जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते. भ्यायचेच असेल, तर तिला भ्या!

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे दाढेचे दुखणेही सांगा. दंतवैद्याकडे गेल्यावर कितवा महिना, कोणती औषधे चालू आहेत, रक्तदाब किंवा साखर आहे का, हे आधी सांगा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शिकलात त्याचा पहिला उपयोग घरात करा. वहिनीच्या गोळ्यांच्या पाकिटावरील नाव वाचा आणि ती दवाखान्यात निघाली की तिच्यासोबत जा.