शाहनाम्यातला अवेस्ता

इराणात इस्लामी राजवट येऊन साडेतीनशे वर्षं उलटली होती, तेव्हा इ.स. १०१०च्या सुमारास तूसच्या फिर्दौसीनं ‘शाहनामा’ हे महाकाव्य पुरं केलं. कवी मुसलमान, पण त्याच्या कित्येक कथांची मुळं जरथुष्ट्री धर्मग्रंथात, अवेस्तात आहेत. तिथला तीन तोंडांचा, सहा डोळ्यांचा अझी दहाक इथं जुलमी राजा जहाक होतो. त्याच्या दोन्ही खांद्यांवर साप, आणि त्यांना रोज माणसांचा मेंदू लागतो! वीर फरिदून त्याला ठार मारत नाही, दमावंद डोंगरात जखडून ठेवतो. इराणी चित्रकारांनी हा प्रसंग पुन्हापुन्हा रंगवला. मला फार मोठं वाटतं ते फिर्दौसीचं मन. जरथुष्ट्राच्या आगमनाची कथा आधी दकीकी या कवीनं लिहायला घेतली होती. तो मारला गेला. त्याच्या सुमारे हजार द्विपद्या फिर्दौसीनं त्याचं नाव घेऊन आपल्या काव्यात सामावून घेतल्या.