तंत्रज्ञानाची नाकेबंदी: डालियन, तारापूर आणि बाजारगाव

नागपूर मेट्रोचा खापरी ते सीताबर्डी हा पहिला टप्पा ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाला. त्यावर धावणारे डबे चीनमधील डालियन शहरात बांधलेले आहेत. २०१६ साली सीआरआरसी या चिनी सरकारी कंपनीला ६९ डब्यांचे, म्हणजे तीन-तीन डब्यांच्या २३ गाड्यांचे, सुमारे ८५१ कोटी रुपयांचे काम मिळाले. निविदेत थोडक्यात मागे पडली ती कोलकात्याची टिटागढ. प्रकल्पाला कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थांचे. जर्मन-फ्रेंच पैसा, चिनी डबे आणि नागपूरचे प्रवासी, हे गणित तेव्हा सरळ व्यापाराचे होते. बोली लावणारी कंपनी कोणत्या देशाची, याला खरेदीच्या नियमांत फारसे स्थान नव्हते.

ते स्थान २३ जुलै २०२० रोजी मिळाले. गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवानांना वीरमरण आले, त्यानंतर पाच आठवड्यांनी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने सरकारी खरेदीचे नियम बदलले. भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील कंपनीला आता आधी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी परराष्ट्र व गृह या दोन्ही मंत्रालयांची मंजुरी लागते. राज्यघटनेच्या कलम २५७(१) चा आधार घेऊन हेच बंधन राज्यांवरही घालण्यात आले. आदेशात चीनचे नाव कुठेही नाही. पण भारत ज्या शेजाऱ्यांना कर्ज किंवा विकासमदत देतो त्यांना सूट ठेवल्यावर रोख कुणाकडे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

नागपुरात धावणाऱ्या गाड्या या आदेशाने थांबल्या नाहीत. मेट्रोचा डबा तीसेक वर्षे चालवायचा असतो आणि तेवढी वर्षे त्याला सुटे भाग, दुरुस्ती आणि जाणकार माणसे लागतात. दोन देशांचे संबंध मात्र एका रात्रीत फिरतात. यंत्राचे आयुष्य आणि राजकारणाचा हंगाम यांतल्या या अंतरातच तंत्रज्ञानबंदीचे सगळे प्रश्न जन्माला येतात. बंदी दोन प्रकारची असते: परक्याचे तंत्रज्ञान आपण घ्यायचे नाही ही एक, आणि परक्याने ते आपल्याला द्यायचे नाही ही दुसरी. महाराष्ट्राने दुसरी बंदी फार आधी अनुभवली आहे.

तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ साली करार झाला. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या आल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरपासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. ते तीस वर्षे अमेरिकेने पुरवायचे आणि भारताने तारापूरसाठी तिच्याकडूनच घ्यायचे, अशी अट होती. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याचे इंधन तयार होई, पण कच्चा माल अमेरिकेचाच.

१८ मे १९७४ रोजी पोखरणची अणुचाचणी झाली. तिचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, तरी शिक्षेचा फटका तारापूरलाही बसला. अमेरिकी काँग्रेसने १९७८ साली अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. आधी झालेल्या कराराला नंतरचा कायदा लागू करणे न्यायाचे नाही, ही भारताची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होते. पुढे सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. भारत आणखी मॉस्कोकडे झुकू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९८० साली ३८ टन इंधन पाठवण्याचे ठरवले. सिनेटमध्ये हा निर्णय ४८ विरुद्ध ४६ मतांनी जेमतेम तगला. डहाणू-बोईसर पट्ट्यातल्या एका वीजकेंद्राचे भवितव्य काबूलमधल्या रणगाड्यांमुळे आणि वॉशिंग्टनमधल्या दोन मतांमुळे ठरावे, हे महासत्तांच्या स्पर्धेचे खरे रूप आहे.

पुढचा प्रवास त्याहून बोलका आहे. इंदिरा गांधी १९८२ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा इंधन फ्रान्सने द्यावे असा तोडगा निघाला. अमेरिकेशी झालेला मूळ करार १९९३ साली संपला, फ्रान्सनेही हात आखडता घेतला आणि १९९५ मध्ये इंधन आले ते चीनकडून. त्यानंतर रशिया पुढे झाला. मधल्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राने युरेनियम-प्लुटोनियमचे मिश्र इंधन तयार करून तारापूरच्या भट्ट्यांत वापरून दाखवले. वापरलेल्या इंधनाचा प्रश्न मात्र कुजत पडला. अमेरिका ते परत नेईना आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही देईना.

पुण्याची कथा यापेक्षा लवकर आटोपते. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली. हवामान अंदाजासाठी दिल्लीत एक आला, तोही वापरावरच्या अटींसह. त्यामुळे १९८८ साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याच्या पोटातल्या ट्रान्सप्यूटर चिप ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या होत्या, ही गोष्ट अभिमानाच्या भाषणांत सहसा येत नाही. त्यामुळे कामाची किंमत कमी होत नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या चिप समांतर जोडून मोठे गणित कसे सोडवायचे, ही बुद्धी इथली होती. पण बंदीने परावलंबन संपले नाही, ते एका मजल्याने खाली उतरले.

२०२० नंतर भारत स्वतः बंदी घालणारा झाला. २९ जूनला ५९ चिनी ॲपवर बंदी आली. डिसेंबरमध्ये दूरसंचार यंत्रणा ‘विश्वासू स्रोता’कडूनच घेण्याचे धोरण मंजूर झाले. मे २०२१ मध्ये फाइव्ह-जी चाचण्यांना परवानगी मिळालेल्यांच्या यादीत हुआवे आणि झेडटीई या चिनी कंपन्या नव्हत्या. पुण्याजवळच्या तळेगावात योगायोगाने कळस गाठला. ग्रेट वॉल मोटर्ससह तीन चिनी कंपन्यांनी महाराष्ट्र सरकारशी सुमारे पाच हजार कोटींचे करार केले तो दिवस १५ जून २०२०, म्हणजे ज्या रात्री गलवानची चकमक झाली तोच. आठवडाभरात ते स्थगित झाले. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना ग्रेट वॉलला घ्यायचा होता. परवानग्यांची वाट पाहून २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला आणि पुढच्याच वर्षी कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला.

मोठ्या यंत्राला बंदी घालणे सोपे असते, कारण ते दिसते. माणसांच्या आणि भागांच्या बाबतीत हिशेब चुकतो. बंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे डबे सीआरआरसीकडे होते. चिनी अभियंत्यांचे व्हिसा अडले आणि काम रेंगाळले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या भुयारासाठीची यंत्रे जर्मन हेरेनक्नेख्तची, पण ग्वांगझूच्या कारखान्यात बनलेली. ती चिनी बंदरात अडकून पडली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. त्यामुळे ऑगस्टमध्ये बजाजच्या विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचे उत्पादन काही दिवस विस्कळीत झाले. नाक दाबले की तोंड उघडते, आणि इथे नाक म्हणजे मोटरीतला मूठभर चुंबक.

नागपूरजवळच्या बाजारगावची सोलर इंडस्ट्रीज ही स्फोटकांची कंपनी या प्रश्नाच्या आजच्या टोकाला उभी आहे. तिच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या उपकंपनीने नागास्त्र-१ हे लक्ष्यावर घिरट्या घालून झेपावणारे अस्त्र बनवले. त्याचे वजन नऊ किलो, त्यात स्फोटक एक किलो. जून २०२४ मध्ये मागवलेल्या ४८० पैकी १२० लष्कराला मिळाली. त्यातला देशी वाटा पाऊण हिस्स्याहून अधिक असल्याचे सांगितले गेले. अशा अस्त्रांसारखाच देशी-परदेशी भागांचा प्रश्न ड्रोनचाही आहे. केंद्र सरकारच्या ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, संरक्षण आणि संशोधनासाठी मात्र सवलत ठेवली, आणि ड्रोनच्या सुट्या भागांची आयात सर्वांसाठी मोकळीच राहिली. मोटर, बॅटरी, उड्डाण-नियंत्रक यांचा जागतिक बाजार बहुतांशी चीनच्या हातात आहे, म्हणून बंदीनंतर भागांचे मूळ तपासणे हेच खरे काम ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने ४०० ड्रोनचे करार रद्द केले, कारण त्यांत चिनी भाग आढळले होते. चुंबकांच्या बाबतीत केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन क्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यातून चुंबक, अशी सगळी साखळी देशातच उभी करायची आहे.