वय झालं म्हणजे हक्क संपला नाही



स्वागत समितीच्या वतीनं गावोगावहून आलेल्या आपणा सर्व प्रतिनिधींचं करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, मनःपूर्वक स्वागत. मागासवर्गीयांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखण्याचा शाहू महाराजांचा आदेश १९०२ साली इथूनच निघाला. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली तीही इथंच. वार्धक्य आणि दिव्यांगांचं समावेशन हा आपल्या परिषदेचा विषय या गावाला परका नाही.

हे व्यासपीठ अडीच फूट उंच आहे. एकास बारा या प्रमाणानं त्याला तीस फुटांचा रॅम्प लागतो. मंडपवाले म्हणाले, "साहेब, खुर्च्यांच्या दोन रांगा जातील की!" म्हटलं, जाऊ द्या. सकाळपासून त्या रॅम्पवर व्हीलचेअरपेक्षा काठी टेकत येणारे आजी-आजोबाच जास्त दिसले. यातल्या बहुतेकांनी नोंदणी अर्जात 'दिव्यांग' हा रकाना मात्र कोराच ठेवलाय!

ऐकू येईनासं झालं, दिसेनासं झालं, की घरात एकच उत्तर असतं : 'वय झालं आता.' मग ना तपासणी, ना श्रवणयंत्र, ना प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि व्याख्येत वयाची अट कुठंही नाही.

सरकारदरबारी मात्र ज्येष्ठांची खिडकी वेगळी, दिव्यांगांची वेगळी. यातून काय होतं, ते जपानमध्ये दिसलं. तिथं शंभरातले जवळपास २९ जण पासष्टीपुढचे. अंधांना पायाखाली वाट कळावी म्हणून उठावाच्या फरश्या जगात पहिल्यांदा बसल्या त्या ओकायामा शहरात, १९६७ साली. त्याच ओकायामात एका दिव्यांग नागरिकानं पासष्टी गाठली आणि त्याची दिव्यांग म्हणून मिळणारी मोफत सेवा बंद झाली. आता ज्येष्ठांच्या विम्यातून सेवा घ्या, वाट्याचे पैसे भरा, असं त्याला सांगितलं गेलं. तो न्यायालयात गेला आणि २०१८ साली जिंकला. इतक्या सोयींच्या देशात ही गत, तर आपण आतापासूनच सावध असलेलं बरं.

म्हणून या परिषदेत ज्येष्ठ नागरिक संघ आणि दिव्यांग संघटना यांची सत्रं वेगळी ठेवलेली नाहीत. एसटी, रेशन दुकान, मतदान केंद्र यांबाबतच्या मागण्या दोघांच्या सहीनं एकाच निवेदनात जाव्यात, एवढी आमची अपेक्षा आहे.

भोजनमंडपातही पायरी नाही, तांबडा-पांढरा रस्सा आहेच. काही कमी पडलं तर कार्यकर्त्यांना हक्कानं सांगा.