‘गेट’ची खोड

‘गेट’ हे इंग्रजीतले घरगुती क्रियापद. आपल्या ‘लागणे’सारखेच ते सोबतीप्रमाणे रंग बदलते. भूक लागते, नोकरी लागते, फलाटाला गाडीही लागते! सुरत-भुसावळ गाडीतून नंदुरबारला उतरताना आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. इंग्रज ‘गेट ऑफ’ म्हणेल. त्याचे ‘गेट डाउन’ झाडावरून किंवा शिडीवरून. मोटारीतून मात्र ‘गेट आउट’. पण घरी आलेल्या पाहुण्याला हेच शब्द ऐकवाल तर तो पुन्हा उंबरा चढणार नाही! आपले ‘डाउन’ हिंदुस्थानभर कळते, म्हणून मुलाखतीत तसे बोलणाऱ्या पोराला कुणी हसू नये. परदेशी पत्र लिहिताना मात्र त्याने ‘ऑफ’च लिहावे, तिकडच्या वाचकाला पोरगा डब्याच्या टपावरून उतरला असे वाटायला नको.