मात्रा रुग्ण पाहून ठरते



अध्यक्षपदावरून नव्या यंत्रांविषयी बोलावे अशी अनेकांची सूचना होती. मी मात्र थायोपेंटोन या भुलीच्या औषधावर बोलणार आहे. या सभागृहातल्या ज्येष्ठ भूलतज्ज्ञांचा हात ज्या औषधावर बसला, ते आजच्या बऱ्याच रेसिडेंट डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचले आहे. मला ही गोष्ट बरी वाटत नाही.

पिवळसर भुकटीची ती छोटी बाटली ज्येष्ठांना आठवत असेल. अर्ध्या ग्रॅममध्ये वीस मिलिलिटर पाणी घातले की अडीच टक्क्यांचे द्रावण तयार. सुई शिरेतच आहे ना, हे दोनदा पाहायचे. कारण द्रावण अतिशय अल्कधर्मी, चुकून धमनीत गेले तर बोटे काळी पडायची भीती. मग सावकाश द्यायचे. तोंडात लसणासारखी चव येतेय, असे एखादा रुग्ण सांगायचा, जांभई द्यायचा आणि पापणीच्या केसांना बोट लावले तरी पापणी हलत नसे. हे सगळे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्याआधीच्या पिढ्यांनी इथरचा मास्क तोंडावर धरून गुदमरणारा, हातपाय झाडणारा रुग्ण पाहिला होता. त्यांना हा बदल केवढा वाटला असेल!

बार्बिट्युरिक आम्ल बायर यांनी 1864 मध्ये बनवले, पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत यायला या कुळाला सत्तर वर्षे लागली. ॲबट कंपनीतल्या व्होलविलर आणि टॅबर्न यांनी थायोपेंटोन तयार केले. 8 मार्च 1934 रोजी अमेरिकेत मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांनी ते प्रथम माणसाला दिले आणि त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन लंडी यांनी त्याचा वापर सुरू केला.

एका डोसनंतर रुग्ण पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो, म्हणून औषध शरीराबाहेर गेले असे सुरुवातीला कुणालाही वाटेल. तसे नसते. भरपूर रक्तपुरवठ्यामुळे मेंदूला ते आधी मिळते, मग तिथून स्नायूंकडे वळते. रुग्ण जागा होतो तेव्हा बहुतेक औषध अंगातच असते. यकृताला ते संपवायला कित्येक तास लागतात. आधी रुग्ण लवकर जागा होण्याचे श्रेय चरबीला दिले जात होते, 1960 मध्ये प्राइस यांनी स्नायूंचा वाटा दाखवून दिला. म्हणूनच पुन्हा पुन्हा डोस दिले की ऊती भरत जातात आणि रुग्ण लवकर उठत नाही. ज्याला हे एकदा नीट कळले, त्याला पुढचे कुठलेही शिरेतून द्यायचे औषध समजायला जड जात नाही.

आता पर्ल हार्बरविषयी. डिसेंबर 1941 च्या त्या हल्ल्यानंतर या औषधाने शत्रूपेक्षा जास्त सैनिक मारले, अशी दंतकथा आपल्यापैकी अनेकांनी वर्गात ऐकली आहे. हॅलफर्ड यांनी 1943 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात युद्धात शिरेतून भूल देण्यावर कडक टीका केली हे खरे. पण त्याच अंकात ॲडम्स आणि ग्रे यांनी गोळी लागलेल्या एका रुग्णाला थोडे थोडे औषध देऊन सांभाळल्याची हकीगत आहे. 1995 मध्ये जुनी कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा भुलीने दगावलेल्यांची संख्या दंतकथेच्या जवळपासही नव्हती. रक्त गेलेल्या माणसाला धडधाकट माणसाची मात्रा देणे, ही खरी चूक. किलोमागे तीन ते पाच मिलिग्रॅम हा आकडा निरोगी प्रौढासाठी आहे. आज प्रोपोफॉल हाती असतानाही अपघाताच्या रुग्णाबाबत तीच चूक होऊ शकते. रक्तदाब तर प्रोपोफॉलने अधिकच कोसळतो. म्हणून थायोपेंटोनचा धडा अभ्यासक्रमातून गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. मिरगीचा न थांबणारा झटका आणि मेंदूवरचा वाढलेला दाब यांसाठी त्याची गरजही संपलेली नाही. पोर्फिरियाच्या रुग्णाला ते देऊ नये, हेही तोंडपाठ हवे.

आणखी एक बोललेच पाहिजे. नार्को चाचणीत हेच औषध वापरले जाते आणि सुई आपल्यापैकीच कुणाच्या तरी हातात असते. 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय केलेली अशी चाचणी घटनाबाह्य ठरवली. अर्धवट गुंगीतला माणूस खरेच बोलतो याला वैद्यकीय आधार नाही. तो सुचवलेलेही बोलतो. आपण माणसाला बेशुद्ध करतो ते त्याच्या भल्यासाठी. अशी बोलावणी आली तर संमती कुणी, कुठे आणि कशी घेतली, हे स्वतः पाहिल्याशिवाय सिरिंज भरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो. प्रत्येक शिक्षण विभागाने थायोपेंटोनचा थोडा साठा ठेवावा आणि प्रत्येक रेसिडेंटने ते ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, योग्य रुग्णांमध्ये, स्वतः विरघळवून द्यावे. आणि नार्को चाचणीतल्या भूलतज्ज्ञाच्या भूमिकेवर आपल्या संघटनेने लेखी निवेदन काढावे. मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी.