चाळिशी लागली आणि टॅब हाती आला
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने सुचविले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभी राहिले की पदराचे टोक बोटाला गुंडाळण्यापलीकडे मला काही सुचत नाही. परंतु मागच्या सभेत आपल्या पुस्तकांच्या कपाटाविषयी जे बोलणे झाले, त्या वेळी मी गप्प बसले आणि मग घरी जाऊन रात्रभर तळमळले. म्हणून आज उभी राहिले आहे.

काही भगिनींचे म्हणणे असे पडले की, हल्ली प्रत्येकीच्या हातात फोन आहे, घरोघर टॅब आहेत, कपाटातील पुस्तकांना कसर लागली आहे. तेव्हा ती रद्दीत द्यावीत आणि त्या जागी दुसरे शिवणयंत्र ठेवावे. "आणि तुम्ही तर स्वतःच टॅबवर वाचता!" असे एकीने मला उद्देशून म्हटले. ते अगदी खरे आहे. म्हणूनच या बाबतीत साक्ष द्यायला मी बरी.

वाचनाचे वेड मला माहेरापासूनचे. शाळा सुटली तरी वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नसे. सासरी आल्यावर आपल्या मंडळाचे हे कपाट सापडले. दुपारची भांडी आटोपली की एक तास माझा, हे घरात सर्वांनी मान्य केले होते. पुढे चाळिसावे वर्ष उलटले आणि अक्षरे मुंग्यांसारखी हलू लागली. आधी वाटले, पुस्तकेच वाईट छापलेली आहेत. मग वाटले, सातवी शिकलेली बाई, इतकी वर्षे चुलीपाशी गेली. आपण वाचायचेच विसरत चाललो असू. भगिनींनो, ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. यजमानांनाही नाही. कपाटाची किल्ली ज्या काकूंकडे असे, त्यांना मी "हल्ली वेळच होत नाही हो," असे सांगत राहिले. एकदोन महिने नव्हे, चांगली दोन वर्षे! जवळच्या चष्म्याला आपण चाळिशीच म्हणतो, हे मला का ठाऊक नव्हते? सासूबाईंची चाळिशी तर मीच रोज शोधून देत असे. पण स्वतःवर वेळ आली की माणसाला साधी गोष्ट सुचत नाही.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी समजावले की, डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जो फुगवटा यावा लागतो तो येत नाही. यात शिक्षणाचा काही संबंध नाही! चष्मा झाला. तरीही स्वस्त आवृत्त्यांचा तो बारीक टाइप आणि पिवळा पडलेला कागद, रात्रीच्या दिव्यात जमेना.

आमच्याकडचा टॅब 2020 साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा मुलीसाठी हप्त्याने घेतलेला. शाळा सुरू झाल्यावर तो कपाटात पडून होता. एका कोपऱ्याला तडा गेलेला. 2023 च्या उन्हाळ्यात मुलीने त्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून दिली आणि अक्षर कसे मोठे करायचे ते दाखविले. मी ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे करून घेतले. एका पानावर जेमतेम आठदहा ओळी राहिल्या. पण त्या मी चष्म्याशिवाय, न अडखळता वाचल्या. लक्ष्मीबाईंना स्वतःला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, हे आपणांस माहीत आहेच. त्यांच्या पुस्तकावर माझे वाचन मला परत मिळाले. स्वयंपाक तसाच टाकून मी वाचत बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. मुलीला वाटले, कांदा चिरला असेल.

ते पुस्तक फुकट कसे, असा प्रश्न मलाही पडला होता. लक्ष्मीबाई 1936 साली वारल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे लोटली की त्याचे लेखन सर्वांना मोकळे होते. साने गुरुजी 1950 साली गेले. त्यांचेही लेखन 2011 पासून मोकळे आहे. परंतु फोनवर जी नव्या लेखकांची पुस्तके एकमेकींना पाठविली जातात, ती बहुतेक चोरीचीच असतात. मीही तसे एक वाचले. अर्धे वाचून झाल्यावर मुलीने सांगितले. मी ते शेवटपर्यंत वाचले, हेही कबूल करते.

आता ज्या भगिनींना टॅबवर वाचायचे असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावे. पुस्तके दोन तऱ्हांची मिळतात. पीडीएफ म्हणतात ती बहुधा छापील पानाची तसबीरच असते. अक्षर मोठे करावे तर ओळ काचेबाहेर जाते आणि बोटाने पान डावीउजवीकडे सरकवीत बसावे लागते. दोन पानांत कंटाळा येतो. दुसरी ईपब नावाची असतात, त्यांत अक्षर वाढविले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. चाळिशीवाल्यांनी हीच मागावीत. काही जुन्या फाइलींत जोडाक्षरे फुटतात. 'स्त्री' हा शब्द तीन तुकड्यांत पडलेला मी पाहिला आहे. त्यावर काही बोलत नाही. रात्री वाचताना प्रकाश मंद करावा आणि दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूर पाहावे. वीज गेली तरी मात्र वाचन थांबत नाही, ही मोठीच सोय.

गैरसोयही सांगते. पुस्तक हातात असले की घरातील माणसे जरा दबकून हाक मारीत. टॅब हातात असला की मी खेळ खेळते आहे असाच सर्वांचा समज! "आई, तूसुद्धा?" असे मुलगा म्हणतो. माझा तो दुपारचा तास मला पुन्हा भांडून मिळवावा लागला.

आणि देणेघेणे. भिशीच्या पैशांतून मी एक नवी कादंबरी टॅबवर विकत घेतली. शेजारच्या वहिनींनी वाचायला मागितली. आता द्यायची कशी? शेवटी टॅबच दिला, वर चार्जरही दिला, आणि चार दिवस माझे वाचन बंद! विकत घेतले असे आपण म्हणतो, पण दुकानदार आपल्याला विकतो ती वाचण्याची परवानगी. मायक्रोसॉफ्ट या मोठ्या कंपनीने 2019 साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तके वाचता येईनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. आपल्या कपाटातील पुस्तके तीस बायकांच्या हातांतून फिरली आहेत, कित्येकांवर आमटीचे डाग आहेत, एकीत तर हिशेबाची चिठ्ठी सापडली होती. ती तीसजणींना पुन्हा देता येतील. म्हणून माझे मागणे असे की, पुस्तके उन्हात घालावीत, झटकावीत, कडुनिंबाचा पाला ठेवावा, आणि शिवणयंत्रासाठी जिन्याखालची जागा पाहावी. माझा टॅबही मी दर बुधवारी दुपारी येथे घेऊन येईन. ज्यांनी अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सोडले असेल, आणि माझ्यासारखी लाज धरून 'वेळ होत नाही' असे सांगत असतील, त्यांनी माझ्याशेजारी बसावे. मी कोणाला काही विचारणार नाही.

एक गंमत सांगते आणि बसते. श्रावणी सोमवारी आमच्याकडे 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय असतो. सासूबाईंची पोथी जीर्ण झाली आहे, म्हणून गेल्या श्रावणात मी टॅबवरून वाचते म्हटले. "अगं, पोथीला हळदकुंकू वाहायचं असतं. त्या काचेला कुठं वाहणार?" सासूबाई म्हणाल्या. मग तोड निघाली : पोथी चौरंगावर, पूजा तिची, वाचन टॅबवरून. मी मोठमोठ्या अक्षरांत झरझर वाचू लागले. मध्येच सासूबाईंनी हात वर केला. "तिथं तसं नाहीये." त्यांना दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण अध्याय तोंडपाठ आहे. मी चष्मा लावला, चौरंगावरची पोथी हळूच उचलून ती ओवी काढली. त्यांचेच बरोबर होते. टॅबवर ज्याने कोणी अक्षरे जुळविली होती, त्याने एक शब्द चुकविला होता. त्या दिवसापासून मी टॅबवरून वाचते, पोथी शेजारी उघडी असते, आणि सासूबाई डोळे मिटून तपासत असतात.