निसर्गचित्रकाराचा संसार कशावर चालतो?



रोवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या बांध्या, त्यांच्या कडेने वळत जाणारे धुरे, पिढ्यान्‌पिढ्या शेताला पाणी देणारे मामा (माजी मालगुजारी) तलाव, उन्हाळ्याच्या तोंडाशी पेटलेला पळस आणि हाकेच्या अंतरावर नागझिऱ्याचे जंगल. निसर्गचित्रकाराला विषय शोधायला साकोलीजवळची आपली एकोडी सोडून कुठेही जायला नको. तरीही चित्र काढणारा इथला मुलगा किंवा मुलगी नागपूर-मुंबईची वाट धरते, नाहीतर ब्रश ठेवून देते. चित्र काढून पोट भरत नाही, हे घराघरांत ठरून गेले आहे. गावात राहून निसर्गचित्रावर छोटा धंदा उभा करता येतो, असे माझे म्हणणे आहे. मात्र तो एका मोठ्या आश्रयदात्याच्या किंवा एका मोठ्या प्रदर्शनाच्या भरवशावर उभा राहत नाही. त्याला अनेक लहान ग्राहक लागतात, आणि ते चित्रकाराने स्वतः जोडावे लागतात.

महाराष्ट्राच्या कलेच्या इतिहासात याचे पुरावे आहेत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे आपल्याकडच्या पहिल्या थोर निसर्गचित्रकारांपैकी एक. शाहू महाराजांच्या दरबाराचा त्यांना आश्रय होता. १९२२ साली महाराज गेले, १९३१ साली आबालाल गेले, आणि त्यांची कितीतरी चित्रे आज सापडत नाहीत. चित्रे शेकडो घरांत गेली असती, तर त्यातली अधिक टिकली असती असे मानायला जागा आहे. राजा रविवर्मा यांनी दुसरे टोक गाठले. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर नेले. पण त्या यंत्रसामग्रीचा भार त्यांना पेलवला नाही आणि काही वर्षांतच छापखाना विकावा लागला. ग्राहक त्यांनी बरोबर ओळखला होता. भांडवलाचा अंदाज चुकला. या दोहोंच्या मधला मार्ग सावळाराम हळदणकरांचा. सावंतवाडीहून आलेल्या या जलरंगाच्या उस्तादाने १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली आणि शिकवण्याच्या बळावर चित्रकला सांभाळली. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी जे. जे. कलाशाळेची नोकरी केली आणि तैलचित्रांबरोबर पोस्टकार्डे, पुस्तकांतली चित्रे, जाहिराती असे नाना प्रकारचे काम केले. त्याने त्यांची योग्यता कमी झाली नाही. उलट त्यांचे नाव दूरवर पोहोचले. आपल्या काळात पुण्याचे मिलिंद मुळीक चित्रे विकतात, जलरंगावरची पुस्तके लिहितात आणि कार्यशाळाही घेतात.

आपल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पाणी साठते ते चहूकडच्या लहान ओहोळांनी. एखादा आटला म्हणून ती कोरडी पडत नाही. चित्रकाराच्या मिळकतीची रचना तशीच हवी. उदाहरणादाखल आकडे मांडू. १०,००० रुपयांची १२ मोठी चित्रे वर्षात विकली गेली, तर १,२०,००० रुपये होतात. १,५०० रुपयांच्या ५० लहान जलरंगचित्रांचे ७५,००० होतात. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट रेखाकला परीक्षांसाठी १५ मुलांना महिना ४०० रुपये घेऊन १० महिने शिकवले, तर ६०,००० होतात. ५० रुपयांची ३०० छापील भेटकार्डे १५,००० देतात. एकूण २,७०,०००. यातून कागद, रंग, चौकट, छपाई आणि प्रवास वजा करायचा. उरते ते मोठे वैभव नव्हे. पण चार मोठी चित्रे विकली गेली नाहीत, तरी नुकसान ४०,००० चे होते आणि घर चालू राहते. सगळा भार मोठ्या चित्रांवर ठेवणाऱ्याचे उत्पन्न त्याच चार चित्रांनी एक तृतीयांश घटते.

पहिला आक्षेप असा की खेड्यात चित्र घेणार कोण. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हा आक्षेप टिकत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि इथला शेतकरी, मजूर तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतो. कलेसाठी पैसे मोजणारा समाज इथे आहे. चित्र त्याच्यापर्यंत त्याला परवडेल अशा किमतीत गेले नाही, एवढीच उणीव आहे. शिवाय साकोलीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, आणि पावसाळा सोडला तर नागझिऱ्याला पर्यटक येत असतात. जंगलाकडे जाणाऱ्या पिटेझरीच्या वाटेवरची निवासस्थाने, महामार्गावरची हॉटेले, डॉक्टरांचे दवाखाने, शाळा आणि नोकरीनिमित्त दूर गेलेली इथली माणसे हे सारे ग्राहक आहेत. दूर गेलेल्या माणसाला आपल्या गावच्या तलावाचे चित्र हवे असते, आणि ते काश्मीरच्या देखाव्याची नक्कल करणारा देऊ शकत नाही. म्हणून चित्रकाराने आपला मुलूख पक्का धरावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विक्रीच्या मागे लागले की कला बिघडते. धोका खरा आहे. एकच खपणारा सूर्यास्त शंभरदा काढणाऱ्याचा हात मरतो. पण उपासमारीने कला सुधारते, याचाही पुरावा नाही. ज्याचे महिन्याचे धान्य शिकवणीतून आणि लहान चित्रांतून सुटते, तोच मोठ्या चित्रात कुणाची मर्जी न राखता प्रयोग करू शकतो. तिसरा आक्षेप मोबाइलच्या छायाचित्राचा. फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम हिरावले, हे आपण पाहिले आहे. पण पाटीवर लोकांना अक्षरे हवी होती, ती यंत्राने स्वस्तात दिली. निसर्गचित्रात माणूस पाहणाऱ्याची नजर विकत घेतो, काय ठेवले आणि काय वगळले त्याचे मोल देतो.

एक गोष्ट मात्र चित्रकारांनी आजपासूनच शिकावी: कागदपत्र. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या मनाने काढलेले चित्र विकले, तरी लेखी करार करून हक्क दिल्याशिवाय त्याच्या छपाईचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. पण पैसे देऊन कुणी मुद्दाम काढवून घेतलेल्या चित्रावर, उलट करार नसेल तर, पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. म्हणून हॉटेलसाठी चित्र काढण्याआधी दोन ओळींचा करार लिहून घ्यावा, नाहीतर त्याच चित्राची भेटकार्डे छापता येणार नाहीत. प्रत्येक चित्राचा क्रमांक, माप, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव वहीत असावे. ही वही नसल्याने चित्रे हरवतात आणि चित्रकारही विस्मरणात जातो.

उरलेली जबाबदारी श्रोत्यांची आहे. सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर आपल्या भागातल्या चित्रकाराचे एक लहान चित्र द्या. ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर गावच्या तलावाचे चित्र लावा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. घरातले मूल चित्र काढत असेल, तर त्याला रंगांबरोबर हिशेबाची वहीही घेऊन द्या.